विनोदाचे तुकडे आणि एक वाहिनी

१५ नोव्हेंबर १९८९ रोजी अमेरिकेत एचबीओने फक्त विनोदाला वाहिलेली एक केबल वाहिनी सुरू केली. नाव साधंच होतं, ‘द कॉमेडी चॅनल’. कल्पना कुठून आली हे पाहताक्षणी कळत होतं. एमटीव्ही १९८१ पासून गाण्यांच्या चित्रफिती दाखवत होती. एक निवेदक यायचा, दोन वाक्यं बोलायचा, पुढची चित्रफीत लागायची. तसंच इथे करायचं ठरलं: गाण्यांच्या जागी चित्रपटांतले हसवणारे प्रसंग, स्टँड-अप कलाकारांचे छोटे तुकडे, आणि मधे बोलायला कुणीतरी विनोदी माणूस.

कागदावर हे चोख दिसतं. पडद्यावर ते उभं राहिलं नाही, आणि का राहिलं नाही हे समजून घेणं फार मोलाचं आहे, कारण या वाहिनीची पुढची सगळी वर्षं याच अडचणीचं उत्तर शोधण्यात गेली.

गाणं पन्नास वेळा ऐकलं तर ते आपलं होतं. विनोद मात्र दुसऱ्यांदा ऐकताना निम्मा उरतो आणि चौथ्यांदा नकोसा होतो. चोवीस तासांची वाहिनी त्याच त्या तुकड्यांवर चालवायची म्हणजे रोज आपलाच माल शिळा करायचा. दुसरी गोष्ट बैठकीची, म्हणजे हशाआधी घातलेल्या पायाची. चित्रपटात माणूस केळीच्या सालीवरून घसरतो तेव्हा आपण हसतो, कारण तो किती ताठ्यात चालत होता हे आधीच्या वीस मिनिटांत पाहिलेलं असतं. तेवढा प्रसंग कापून लावला की घसरणं उरतं, ताठा निघून जातो. तिसरी गोष्ट पैशाची. ध्वनिमुद्रिका कंपन्या एमटीव्हीला चित्रफिती आपणहून द्यायच्या, कारण त्यांना ती जाहिरातच होती. जुन्या चित्रपटातल्या प्रसंगाचे हक्क असे आपणहून कुणी देत नाही. आणि चौथी, प्रेक्षकाच्या सवयीची: अमुक वाजता अमुक लागतं म्हणून घरी परतावं, असं तुकड्यांच्या वाहिनीवर काही नसतं.

साडेचार महिन्यांनी, १ एप्रिल १९९० ला, दुसरी वाहिनी आली: ‘हा!’. ती व्हायाकॉमच्या एमटीव्ही नेटवर्क्सची. गाण्यांच्या चित्रफितींतून मोठी झालेली ही कंपनी विनोदात तुकड्यांच्या वाटेला फारशी गेली नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे. तिने जुन्या विनोदी मालिका पूर्ण लांबीच्या लावल्या. बैठकीचा प्रश्न सुटला, पण हे सगळं लोकांनी एकदा पाहिलेलं होतं.

दोघींची खरी कोंडी मात्र तारेत होती. तेव्हाची केबल ॲनालॉग. एका वाहिनीला ६ मेगाहर्ट्झची पट्टी लागायची. ३०० मेगाहर्ट्झच्या जुन्या केबलवर जेमतेम ३६ वाहिन्या मावायच्या, ४५० च्या नव्या केबलवर साठेक. डिजिटल केबलने पुढे एकाच पट्टीत दहा वाहिन्या बसवल्या. त्या काळात मात्र एक नवी वाहिनी घ्यायची म्हणजे आधीची एखादी काढायची. वाहिनीचं उत्पन्न दोन नळांतून येतं. केबल कंपनी दर घरामागे दरमहा काही सेंट देते, आणि जाहिरातदार किती घरांत पोचता ते पाहून पैसे मोजतो. दोन्ही नळ घरांच्या संख्येवरच उघडतात. विनोदाच्या दोन वाहिन्या दारात उभ्या असताना केबल कंपनीला घाई कसली? दोघींतली कोणती टिकते ते पाहू, असं म्हणून थांबणं तिच्या फायद्याचं होतं. आणि तिच्या त्या थांबण्यानेच दोघींचा श्वास कोंडला. दोन्ही मालकांना तोटा सोसवेना. १९९० च्या डिसेंबरात विलीनीकरण जाहीर झालं आणि १ एप्रिल १९९१ ला निम्म्या-निम्म्या मालकीची एकच वाहिनी सुरू झाली. तिचं नाव होतं ‘सीटीव्ही: द कॉमेडी नेटवर्क’. कॅनडात सीटीव्ही नावाचं जुनं, मोठं जाळं होतं, त्यामुळे गोंधळ व्हायला लागला. दोन महिन्यांत, १ जून १९९१ ला, नाव बदलून ‘कॉमेडी सेंट्रल’ झालं.

या गडबडीत एक कार्यक्रम तरला, आणि माझ्या मते वाहिनीला आपली वाट त्यानेच दाखवली. ‘मिस्टरी सायन्स थिएटर ३०००’. जोएल हॉजसन यांनी तो १९८८ मध्ये मिनियापोलिसच्या केटीएमए या छोट्या स्थानिक केंद्रावर सुरू केला होता. ‘कॉमेडी चॅनल’ सुरू झालं त्याच आठवड्यात तो तिथे आला. एक माणूस अंतराळयानात अडकला आहे, त्याला सक्तीने टुकार चित्रपट पाहावे लागतात, सोबतीला त्याने बनवलेले यंत्रमानव आहेत. पडद्यावर तो जुना चित्रपट चालू असतो आणि खालच्या कडेला खुर्च्यांची एक रांग व तीन काळ्या सावल्या दिसतात. त्या सावल्या चित्रपटावर बोलत राहतात.

हे करायला किती कमी सामान लागत होतं पाहा. खुर्च्या म्हणजे काळ्या रंगवलेल्या फोम-बोर्डची कापलेली एक लांब पट्टी. तिच्यामागे पांढऱ्या पार्श्वभूमीसमोर नट आणि बाहुल्या बसायच्या. चित्रणात जे पांढरं असेल तिथे चित्रपट दिसेल आणि काळं असेल ते काळंच राहील, अशी इलेक्ट्रॉनिक जोडणी. एका यंत्रमानवाचं डोकं म्हणजे गोळ्यांचं खेळण्यातलं यंत्र, दुसऱ्याची चोच बोलिंगच्या पिनची आणि डोक्यामागची जाळी लक्रॉस खेळातल्या मुखवट्याची.

सामान स्वस्त, पण कारागिरी कडक. केटीएमएवर ही बडबड आयत्या वेळची असायची. राष्ट्रीय वाहिनीवर आल्यावर ती लिहिली जाऊ लागली. लेखक सगळे मिळून चित्रपट पुन्हा पुन्हा थांबवत पाहायचे. शेरा बसवायचा तर चित्रपटातल्या दोन संवादांमधली पोकळी शोधावी लागते. शेरा पोकळीपेक्षा लांबला तर पुढचा संवाद गिळला जातो, आणि तो संवाद ऐकू आला नाही तर पुढच्या शेऱ्याची बैठकच जाते. फार दाट पेरले तर प्रेक्षक दमतो, विरळ पेरले तर मूळ टुकारपणा अंगावर येतो. एका चित्रपटात असे शेकडो शेरे असत. म्हणजे परक्याच्या चित्रपटाचा तुकडा नुसता लावून भागत नाही. त्याच्या शेजारी बसून बोलणारं माणूस लागतं, हे इथे सापडलं. यातली खोट हक्कांची होती. त्या चित्रपटांचे प्रसारणहक्क ठरावीक मुदतीचे असायचे. मुदत संपली की आपण बनवलेला भागही पुन्हा दाखवता यायचा नाही. १९९६ मध्ये कॉमेडी सेंट्रलने तो बंद केला आणि तो साय-फाय चॅनलवर गेला.

तुकड्याला बसायला पाट देण्याचा आणखी एक सुंदर प्रकार १९९५ मध्ये आला: ‘डॉ. कॅट्झ’. स्टँड-अप कलाकाराकडे वर्षानुवर्षं घासलेली पाच-सहा मिनिटं तयार असतात. इथे त्याला मानसोपचारतज्ज्ञाच्या कोचावर रुग्ण म्हणून निजवलं. तीच वाक्यं आता एका माणसाचं दुखणं म्हणून बाहेर यायची आणि एकदम वेगळी लागायची. आधी आवाज ध्वनिमुद्रित करायचे, त्यात जोनाथन कॅट्झ बराच भाग उत्स्फूर्त बोलायचे, मग ते कापून जोडायचं आणि शेवटी चित्रं. चित्रांवर खर्च करायला पैसे नव्हते. म्हणून एकाच चित्राच्या किंचित वेगळ्या चार-पाच प्रती फिरवत ठेवायच्या. रेषा सतत थरथरत राहते आणि स्थिर माणूस जिवंत वाटतो. मला ही थरथर फार आवडते. तिच्यात नाइलाज आहे, पण तो नाइलाज वाटत नाही.

बाकीचा वेळ अजून जुन्या मालिका, ब्रिटनहून आणलेला माल आणि ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’चे जुने भाग यांवर निघायचा. १९९३ मध्ये बिल मार यांचा ‘पॉलिटिकली इनकरेक्ट’ सुरू झाला, चार पाहुणे आणि राजकारणावर गप्पा. तो इतका चालला की एबीसी या मोठ्या राष्ट्रीय जाळ्याने उचलून नेला. आपण वाढवलेलं रोप मोठ्या अंगणातलं कुणी घेऊन जाणार, हा धडा वाहिनीला तेव्हा मिळाला आणि पुढे अनेकदा मिळाला.

ती रिकामी होणारी जागा भरायला जुलै १९९६ मध्ये ‘द डेली शो’ आला. मॅडलीन स्मिथबर्ग आणि लिझ विन्स्टेड यांनी तो उभा केला, क्रेग किलबॉर्न निवेदक. तेव्हा त्यात स्थानिक बातम्यांची नक्कल आणि प्रसिद्ध लोकांवरची टवाळी जास्त होती. ११ जानेवारी १९९९ ला जॉन स्ट्युअर्ट खुर्चीत बसले. हेच स्ट्युअर्ट सुरुवातीच्या वर्षांत याच वाहिनीवर ‘शॉर्ट अटेन्शन स्पॅन थिएटर’मध्ये चित्रपटांच्या तुकड्यांचं निवेदन करायचे. तेव्हा जे जमलं नव्हतं ते आता जमलं, कारण कात्री तीच असली तरी कापड बदललं होतं. चित्रपटाच्या जागी त्यांनी बातम्यांचे तुकडे घेतले.

एका बदलात चारही अडचणी कशा सुटल्या ते बघण्यासारखं आहे. बातमीचा तुकडा रोज नवा, म्हणून शिळं होण्याची भीती नाही. बैठक लोकांनी दिवसभर बातम्या पाहून आधीच घातलेली. टीका-टिप्पणीसाठी छोटा भाग वापरायला अमेरिकी कायद्यातली न्याय्य वापराची तरतूद आधार देते, म्हणून हक्कांचा खर्च जवळपास नाही. आणि सोमवार ते गुरुवार रात्री ११ वाजता काय लागणार हे पक्कं. चित्रपटाचा तुकडा पाहुण्यासारखा यायचा. बातमीचा तुकडा आरोपीसारखा उभा केला जायचा.

त्यामागचं काम मोठं होतं. वृत्तवाहिन्या रेकॉर्ड करायला पंधरा टीव्हो यंत्रं चालू असायची. सकाळी बैठक, त्यात काय हाती लागलं ते पाहायचं, दुपारपर्यंत लेखन, मग तालीम, तालमीनंतर पुन्हा खाडाखोड, संध्याकाळी प्रेक्षकांसमोर चित्रण आणि रात्री प्रसारण. जाहिराती वजा जाता हाती बावीसेक मिनिटं. सर्वांत कष्टाचं काम जुना तुकडा शोधण्याचं. आज एखादा नेता जे बोलला त्याच्या नेमकं उलट तो तीन वर्षांपूर्वी बोलला होता, हे लेखकाला आठवतं. पण टेप कुठली, तारीख कुठली, हे सापडेपर्यंत संध्याकाळ होते. पुढे प्रसारणासोबत येणाऱ्या मजकुरात शब्द शोधण्याची सोय आली तेव्हा हे तासांचं काम मिनिटांवर आलं. दोन तुकडे शेजारी-शेजारी लावले की निवेदकाला फार बोलावंच लागत नाही. कॅमेऱ्याकडे दोन सेकंद पाहिलं तरी पुरतं. २००० आणि २००४ च्या निवडणुकांच्या वार्तांकनासाठी या कार्यक्रमाला प्रसारणक्षेत्रातले मानाचे पीबडी पुरस्कार मिळाले. २००५ च्या ऑक्टोबरात याच घरातून, डेली शोचेच वार्ताहर स्टीव्हन कोलबेर यांचा, ‘द कोलबेर रिपोर्ट’ निघाला आणि रात्रीचा तासभर वाहिनीच्या मालकीचा झाला.

पण केबल कंपन्यांची दारं उघडली ती ‘साउथ पार्क’ने. १९९५ मध्ये ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन यांनी एका वाहिनी-अधिकाऱ्यासाठी नाताळच्या शुभेच्छापत्रासारखी एक छोटी चित्रफीत बनवली होती. ती टेपवरून टेपवर उतरत हॉलिवूडभर फिरली. १३ ऑगस्ट १९९७ ला मालिका सुरू झाली. पहिला भाग खरोखर कागद कापून बनवला होता: रंगीत कागदाचे हात, डोकी, टोप्या, प्रत्येक चौकटीला तोंडाचा कागद बदलायचा, एक छायाचित्र घ्यायचं, पुन्हा बदलायचं. बावीस मिनिटांना तीन महिने लागले. या वेगाने मालिका निघणं शक्य नव्हतं. पुढच्या भागांपासून तेच कागद संगणकात चढवले. तिन्ही मितींचं ॲनिमेशन करणारी भारी यंत्रणा वापरून मुद्दाम सपाट, कागदी दिसणारं चित्र काढायचं, असा तो प्रकार. एकदा पात्रांचे हातपाय आणि ओठांचे आकार साठवून ठेवले की संवादाबरोबर फक्त ओठ बदलत जायचे.

यातून जे साधलं ते दूरचित्रवाणीवरच्या ॲनिमेशनमध्ये दुर्मीळ आहे. इतर ॲनिमेशन मालिकांच्या एका भागाला सहा-आठ महिने सहज जातात. इथे भाग सहा दिवसांत होतो. गुरुवारी सकाळी लेखकांच्या खोलीत कोरी पाटी असते. पार्कर एकेक प्रसंग लिहितात, तो लगेच चित्रफलकावर जातो, बहुतेक आवाज ते दोघंच देतात, ॲनिमेशनवाले रात्रपाळीने काम करतात, मंगळवारची रात्र कुणी झोपत नाही आणि बुधवारी सकाळी भाग वाहिनीकडे जातो. रात्री प्रसारण. १३ डिसेंबर २००३ ला सद्दाम हुसेन पकडला गेला, १७ तारखेच्या भागात त्याचा उल्लेख होता. २००८ मध्ये ओबामांच्या विजयाच्या दुसऱ्या रात्री त्यांच्या विजयी भाषणातले शब्द घेऊन भाग आला.

हा वेग हातून सुटतोही. १५ ऑक्टोबर २०१३ च्या रात्री स्टुडिओची वीज गेली. मंगळवारचे ते तास म्हणजे आठवड्याचा कणा; संगणक बंद, तयार होत असलेली दृश्यं अडकलेली. बुधवारी जुना भाग लावावा लागला. तोवरच्या सोळा वर्षांत मुदत कधी चुकली नव्हती. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन जिंकतील असं धरून निवडणुकीच्या दुसऱ्या दिवसाचा भाग रचला होता. निकाल उलटा लागला आणि रातोरात तो मोडून नव्याने बांधावा लागला.

‘साउथ पार्क’ आपल्या गावात दिसत नाही म्हणून लोक केबल कंपनीला विचारू लागले. आठ वर्षं वाहिनी ज्या दारात उभी होती ते दार आता आतून उघडलं. एप्रिल २००३ मध्ये व्हायाकॉमने एचबीओच्या मालक कंपनीचा, टाइम वॉर्नरचा, निम्मा हिस्सा १.२२५ अब्ज डॉलरना घेतला. तोट्यातल्या दोन वाहिन्या एकत्र बांधल्या त्याला तेव्हा बारा वर्षं होत होती.

त्याच वर्षाच्या जानेवारीत डेव्ह शापेल यांचा छोट्या विनोदी नाटुकल्यांचा ‘शापेल्स शो’ सुरू झाला. दोनच पूर्ण हंगाम, पण त्याच्या डीव्हीडी अमेरिकेत दूरचित्रवाणी मालिकांच्या विक्रीत सर्वांच्या पुढे गेल्या. तिसऱ्या हंगामाच्या मध्यावर, २००५ मध्ये, डेव्ह शापेल काम सोडून दक्षिण आफ्रिकेला निघून गेले. मोठ्या रकमेचा करार मागे टाकून. वाहिनीने उरलेलं चित्रण २००६ मध्ये ‘हरवलेले भाग’ म्हणून दाखवलं. ते दाखवायला नको होतं असं मला आजही वाटतं. कलाकाराने अर्धवट सोडलेलं काम त्याच्या गैरहजेरीत पुरं करून विकणं कराराला धरून असेल, पण विनोद ज्याच्या तोंडचा आहे त्याच्या संमतीशिवाय तो उभा राहत नाही.

दरम्यान तुकडे परत आले होते, या वेळी वाहिनीच्या हाताबाहेर. लोक डेली शोचे, कोलबेरचे, साउथ पार्कचे दोन-तीन मिनिटांचे भाग कापून यूट्यूबवर टाकत होते. फेब्रुवारी २००७ मध्ये व्हायाकॉमने आपल्या वाहिन्यांच्या लाखभर चित्रफिती काढायला लावल्या आणि मार्चमध्ये एक अब्ज डॉलरचा दावा ठोकला. तो २०१४ मध्ये तडजोडीने मिटला. त्या सात वर्षांत जग उलटं झालं. २०१२ मध्ये आलेल्या ‘की अँड पील’ची स्किट तीन-चार मिनिटांची, आपल्यापुरती पूर्ण असायची. ती वाहिनीनेच यूट्यूबवर टाकली आणि कोट्यवधी लोकांनी पाहिली. त्यांतल्या पुष्कळांनी वाहिनी कधी लावलीही नसेल.

त्याच वर्षी, जानेवारी २०१२ मध्ये, व्हायाकॉम १८ ने ही वाहिनी मुंबईतून भारतात आणली. एका स्टँड-अप कार्यक्रमातल्या अश्लीलतेवरून मे २०१३ मध्ये माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने तिला दहा दिवस बंद ठेवण्याचा आदेश दिला होता. आपल्याकडे विनोदी वाहिनीचा प्रश्न आधीच वेगळ्या तऱ्हेने सोडवला गेला होता. अधिकारी बंधूंनी मुंबईत सुरू केलेली सब टीव्ही २००५ मध्ये सोनीकडे गेली आणि २००८ पासून रोजच्या कौटुंबिक विनोदी मालिकेवर स्थिरावली. तीच चाळवजा सोसायटी, तेच शेजारी, रोज थोडी पुढे सरकणारी गोष्ट. तिथे बैठक एकदाच घालायची आणि वर्षानुवर्षं त्यावर बसायचं.

अमेरिकेत मात्र माणसं निघत गेली. डिसेंबर २०१४ मध्ये कोलबेर, ऑगस्ट २०१५ मध्ये स्ट्युअर्ट, सप्टेंबरात की आणि पील. स्ट्युअर्टांच्या जागी आलेल्या ट्रेव्हर नोआंनी डेली शो २०२२ च्या अखेरीपर्यंत निष्ठेने चालवला. २०२४ मध्ये स्ट्युअर्ट फक्त सोमवारपुरते परतले. पण केबल तोडणारी घरं वाढत होती आणि घरं कमी झाली की दोन्ही नळ एकदम आटतात. नवे कार्यक्रम जवळपास थांबले. वेळापत्रक ‘द ऑफिस’सारख्या दुसऱ्यांच्या मालिकांच्या पुनःप्रसारणाने भरलं. दिवसभर पूर्ण लांबीच्या जुन्या मालिका, हे ‘हा!’चं रूप, आणि बाहेर मोबाइलवर सुटे तुकडे, हे ‘कॉमेडी चॅनल’चं.

जून २०२४ मध्ये पॅरामाउंटने (व्हायाकॉमचंच पुढचं रूप) वाहिनीच्या संकेतस्थळावरचा संग्रह काढून टाकला. त्यात १९९९ पासूनच्या डेली शोच्या चित्रफिती होत्या, कोलबेरची नऊ वर्षं होती. ज्या कार्यक्रमाचं सगळं बळ जुना तुकडा शोधून समोर ठेवण्यात होतं, त्याचेच जुने तुकडे शोधायची अधिकृत जागा गेली. मिस्टरी सायन्स थिएटरच्या श्रेयनामावलीत एक ओळ असायची, टेपा एकमेकांना देत राहा, अशा अर्थाची. हक्क संपून जे भाग पुन्हा दाखवता येत नव्हते त्यांतले कितीतरी लोकांनी घरी व्हीएचएसवर उतरवलेल्या त्या टेपांमुळेच आज पाहायला मिळतात.